बाकामागची साल

फांदी पडली तेव्हा वारा नव्हता. भर दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोन्ही इमारतींच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले, आणि मधल्या मोकळ्या जागेत शिरिषाच्या बुंध्याभोवती जो गोल लाकडी बाक होता त्यावर मुंगी एकटी बसली होती. तिसरीतली पोर. सतत काहीतरी उचलून इकडचं तिकडे नेत असायची म्हणून घरात तिला मुंगी म्हणत, आणि शाळेच्या हजेरीबाहेर तिचं खरं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. त्या दिवशी घरात अंगाची लाही होत होती. आई पर्सच्या कारखान्याचं काम घरी आणून करायची. रापीने, चामड्याच्या रुंद पात्याच्या सुरीने, तुकडे कापत बसली होती. चामड्याच्या वासाने पोरीचं डोकं चढलं, तेव्हा आईच म्हणाली, जा, खाली सावलीत बस जरा, बरं वाटेल.

जाड कापड टर्रकन फाटावं तसा आवाज झाला, असं समोरच्या इमारतीतल्या म्हातारबुवांनी नंतर सांगितलं. तो ऐकून ते खिडकीशी येईपर्यंत सगळं झालं होतं.

मुंगीची आत्या नगरपालिकेच्या उद्यान खात्यात होती. शहरातली झाडं तपासायची, कुठलं वाळलंय, कुठलं पोखरलंय, कुठलं कुणाच्या छपरावर कलतंय, ते बघायचं, हे तिचं काम. मुंगी तिला झाडआत्या म्हणायची, आणि तिचं ऐकून ऐकून सगळी गल्लीच म्हणायला लागली होती. हा शिरीष झाडआत्याच्याच वाटणीतला. फांदी पडायच्या काही आठवडे आधी तिने तो नेहमीसारखा बघितला होता. लाकडी हातोडीने बुंधा ठोकला होता, बेचक्यांत सळई घालून पाहिली होती, शिडी लावून वर चढली होती. झाड ठणठणीत होतं.

मुंगीला शेवटचं नेल्यावर, त्याच संध्याकाळी, पडलेली फांदी तिने पाहिली. कुणी तिला पाहायला सांगितलं नव्हतं, आणि तिचं तिलाही कळत नव्हतं की आपण इथे गुडघे टेकून काय करतोय. तुटलेल्या जागी लाकूड पांढरंशुभ्र होतं. कीड नाही, भुगा नाही, पोकळी नाही. हात लावला तर ओलं लागलं. कडक उन्हाळ्यात, वारा पडलेला असताना, कधीकधी चांगली भरलेली फांदी अशी अचानक सुटते. झाडांची माणसं हे जाणतात. ती का सुटते आणि कुठली सुटणार, हे मात्र छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही.

झाडआत्याचा दादा, मुंगीचा बाप, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, तेही नगरपालिकेच्याच इमारतींमध्ये. पहिले काही दिवस तो दगडासारखा बसून होता. मग उठला आणि एकच गोष्ट धरून बसला, की ते झाड तोडा. अर्ज केले, साहेबांच्या खोलीबाहेर ताटकळत उभा राहिला. समोरच्या इमारतीतल्या लोकांना सावली हवी होती. ते हळहळत होते, पण तोडायला नको म्हणत होते. शेवटी साहेबांनी झाडआत्याला बोलावून सरळ विचारलं, झाड धोक्याचं आहे का. ती भावाकडे न बघता म्हणाली की नाही, झाड निरोगी आहे. तेच तिने लिहूनही दिलं. खात्याने चार फांद्या छाटल्या आणि विषय मिटवला.

"एक ओळ लिहायची होती तुला," दादा त्या दिवशी बाहेरच्या पायऱ्यांवर तिला म्हणाला. "एकच ओळ."

त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. ती समोरून आली तर हा रस्ता ओलांडायचा.

वहिनीचं तसं नव्हतं. वहिनी कुणाशीच बोलत नव्हती. दादा कामावर गेला की झाडआत्या कधी डबा घेऊन, कधी नुसतीच त्यांच्या घरी जायची, आणि वहिनी दार उघडून पुन्हा चामड्यापुढे जाऊन बसायची. रापी चालायची, तुकडे पडायचे. झाडआत्या ओटा पुसायची, भांडी घासायची, निघते म्हणायची. उन्हाळा सरला, पाऊस येऊन गेला, तरी यात काही फरक पडला नाही.

मग थंडी लागायच्या सुमारास एका दुपारी वहिनीने आपणहून तोंड उघडलं. खिडकीतून शिरीष दिसत होता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "एवढं पाणी वर चढवतं कोण?"

झाडआत्याला आधी कळलंच नाही. वहिनी पुढे म्हणाली की फांदी उचलायला आलेली माणसं म्हणत होती, पाण्याने जड झालीय. एवढ्या उंचावर पाणी जातं कसं? आत पंप तर नसतो.

महिनोन्महिने मिटलेलं माणूस बोलायला लागलं, याचाच झाडआत्याला इतका आनंद झाला की ती हातातलं भांडं ठेवून जमिनीवर मांडी घालून बसली. म्हणाली, "कुणी चढवत नाही वहिनी. वरून ओढलं जातं." आणि मग तिने सगळं समजावून सांगितलं. पानांना अगदी बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी उडून जातं, आणि एक थेंब गेला की तो आपल्यामागच्या पाण्याला ओढतो. लाकडात केसाहून बारीक नळ्या असतात. पानापासून मुळापर्यंत त्यांत पाण्याचा अखंड धागाच असतो म्हणा ना. तो ताणलेला असतो, तुटत नाही. मातीतले क्षारही त्याच पाण्यात विरघळून वर जातात. कडक उन्हात हा ताण एवढा वाढतो की एखाद्या नळीत हवा शिरते, धागा तुटतो आणि ती नळी फुकट जाते. पण नळ्या असंख्य असतात, झाड भागवून नेतं.

वहिनी ऐकत होती. रापी तिने बाजूला ठेवली होती.

"आणि मुळं? ती काय खातात?"

मुळांना वरून जेवण येतं, झाडआत्या म्हणाली. पानं उन्हात साखर तयार करतात. ती खाली उतरते, पण लाकडातून नाही, सालीच्या आतल्या अंगाने. वर जायची वाट आत, खाली यायची वाट बाहेर, सालीला चिकटून.

"साल गेली तर?"

"एका बाजूची गेली तर झाड सांभाळून घेतं. चहूबाजूंनी गेली की संपलं. वर पाणी पोचत राहतं, पानं हिरवीगार दिसतात. कुणाला पत्ताही लागत नाही. खाली मुळं उपाशी मरतात."

"पुन्हा नाही येत साल?"

"आत एक ओला, बुळबुळीत पापुद्रा असतो. तो राहिला तर येते. खरवडला गेला तर नाही."

वहिनीने मान हलवली. मग उठून तिने चहा टाकला. त्या घरात वहिनीने स्वतः केलेला चहा झाडआत्या कितीतरी दिवसांनी पीत होती. ती घरी गेली ती हलकी होऊन. वाटेत तिला वाटलं, दादालाही सांगावं की वहिनी सावरतेय. पण दादाला सांगणार कोण.

त्या हिवाळ्यात वहिनी रोज दुपारी खाली बाकावर जाऊन बसायला लागली. अंगावर शाल, मांडीवर विणकाम. शिरिषाची पानं झडली होती, वाळक्या शेंगा वर खुळखुळत असायच्या. लोक लांबून जात. पोर जिथे गेली तिथे आई बसते, त्यात कोण काय बोलणार? म्हातारबुवा खिडकीतून बघत आणि डोळे पुसत. झाडआत्याही एकदोनदा तिच्याशेजारी बसली. वहिनी गप्प असायची, पण तिची चिडचिड नव्हती, रडणं नव्हतं. झाडआत्याला ते चांगलं लक्षण वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर शिरीष फुलला, आणि असा फुलला की लोक बाल्कनीत येऊन बघायला लागले. पानं कमी आणि फुलं जास्त. फिकट हिरवे-पिवळे गोंडे, सगळीकडे मंद वास. कुणी म्हणालं, पोरीचीच आठवण म्हणायची ही. झाडआत्या खाली उभी राहून वर बघत होती. झाड असं उधळून फुलतं तेव्हा वरची साखर वरच अडकलेली असण्याची शक्यता असते, हे तिला ठाऊक होतं.

बाकाची पाठ बुंध्याला जवळजवळ टेकलेली होती. मधल्या फटीत तिने हात घातला. आधी बोटांना जाडसर फुगवटा लागला, सुजलेल्या ओठासारखा. त्याच्या खाली साल नव्हती. कोरडं, गुळगुळीत लाकूड होतं. ती फटीतून हात सरकवत झाडाला पूर्ण फेरी मारून आली. साल कुठेच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पाना आणून तिने पाठीच्या दोन फळ्या उतरवल्या. वीतभर रुंदीचं कडं, अख्ख्या बुंध्याला. कडा अशा सरळ की फूटपट्टी लावावी. कुऱ्हाड अशी चालत नाही, करवतही नाही. आतलं लाकूड खरवडून खरवडून कोरडं केलेलं होतं. आणि एका कडेला एकावर एक बारीक खुणा होत्या, रोज थोडं थोडं कापत पुढे सरकल्याच्या. शालीच्या आडून, हात मागे नेऊन, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

झाडआत्याने पाना खाली ठेवला. ती त्याच बाकावर बसली. वर खिडकीत वहिनी उभी होती. तिने पडदा ओढला नाही की तोंड फिरवलं नाही.

खात्याला कळवायला हवं होतं. झाडआत्याने कळवलं नाही. कळवलं असतं तर चौकशी झाली असती, आणि त्या बाकावर हिवाळाभर कोण बसलं होतं हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तिने ठरवलं की झाडच वाचवायचं. झाड जगलं तर विचारणार कोण? हे तिने स्वतःला सांगितलेलं कारण. झाडावर तिचा जीव होता हेही खरंच, पण ते तेव्हा तिने मनात येऊ दिलं नाही.

उंदरांनी साल कुरतडलेली फळझाडं तिने पूर्वी वाचवली होती. सालीला पूल बांधायचा असतो. नदीकाठी एक उशिरा पालवणारा शिरीष होता, त्याच्या गेल्या वर्षीच्या सरळ काड्या तिने कापून आणल्या. कार्यालयात बाक दुरुस्त करते म्हणून सांगितलं आणि सकाळपासून कामाला लागली. काडीची दोन्ही टोकं पाचरीसारखी तासायची, कड्याच्या वरच्या सालीत आणि खालच्या सालीत चीर देऊन ती आत सरकवायची, बारीक खिळ्याने बसवायची, मेणाने लिंपायची. काडी झाडावर जशी वाढली तशीच लावायची, बुडखा खाली, शेंडा वर. उलटी लागली तर जीव धरत नाही. काडी किंचित कमानीसारखी ठेवायची, म्हणजे झाड हललं तरी निसटत नाही. असं करत ती बुंध्याभोवती फिरली. योग्य हंगाम टळून गेला होता आणि एवढ्या जुन्या, जाड झाडावर हे तिने कधी केलं नव्हतं. संध्याकाळी फळ्या परत बसवल्या.

पुढचे आठवडे ती येता-जाता फटीतून बघायची. बऱ्याच काड्या सुकल्या. पण काहींनी धरलं. टोकाशी साल जुळली, एकीवर तर कोवळा डोळा फुटला, जो तिने हळूच खुडून टाकला, कारण काडीने पान काढायचं नसतं, फक्त वाट द्यायची असते. त्या दिवशी ती घरी येऊन पोटभर जेवली.

मग एका सकाळी फटीत हात घातला आणि बोटांना नुसती टोकं लागली. धरलेली प्रत्येक काडी बरोबर मधोमध कापलेली होती.

ती तशीच जिना चढून वर गेली. वहिनीने दार उघडलं, जणू वाटच पाहत होती.

झाडआत्या वाद घालायला आली होती, पण तिच्या तोंडून आधी भीतीच निघाली. ती म्हणाली, मुळं मरायला लागली आहेत वहिनी. वर पानं आहेत, फुलं आहेत, आता शेंगा धरतील, सगळं जड होईल, आणि खाली धरून ठेवायला काही उरणार नाही. आता एक फांदी नाही, अख्खं झाड येईल. खाली पोरं खेळतात.

"मग तोडा," वहिनी म्हणाली.

"वहिनी..."

"तेव्हा म्हणालीस निरोगी आहे. आता आहे का निरोगी? नाही ना? मग लिही."

वहिनीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अवघड शिवण एकदाची जमल्यावर दिसतो तसा थकवा होता.

"माझ्याकडून काढून घेतलंत तुम्ही सगळं," झाडआत्या म्हणाली. "मी शिकवत होते, आणि तुम्ही..."

"तू शिकवलंस म्हणून जमलं. नाहीतर मी रॉकेल ओतणार होते."

तेवढ्यात दारात दादा उभा दिसला. दुपारच्या जेवणाला आला होता. त्याने किती ऐकलं हे विचारायची गरज पडली नाही. तो आत आला, हातातली हत्यारांची पेटी खाली ठेवली आणि चामड्याशेजारी पडलेली बायकोची रापी उचलून बघायला लागला. धार चामड्यावर जाते तशी गेली नव्हती; टोकाशी दाते पडले होते. त्याने ती खिशात टाकली. हिवाळाभर तो या बाईशेजारी झोपत होता आणि त्याला काही कळलं नव्हतं. तो म्हणाला, "जेवायला वाढ." एवढंच.

झाडआत्याने त्या संध्याकाळी अहवाल लिहिला. झाड अतिशय धोकादायक, ताबडतोब तोडावं. साल कुणीतरी काढली आहे, कुणी ते माहीत नाही.

सकाळी ती कार्यालयात पोचली तेव्हा दादा साहेबांच्या खोलीबाहेर बसलेला होता, रापी कागदात गुंडाळून मांडीवर. आत जाऊन त्याने सांगितलं की हे मी केलं. झाड तोडायला वर्षभर ओरडत होतो, कुणी ऐकलं नाही, म्हणून केलं. साहेबांना आश्चर्य वाटलं नाही. गोष्ट अगदी बसणारी होती.

दुपारी वहिनीही आली. केस विंचरून, चांगले कपडे घालून. तिने शांतपणे सांगितलं की माझा नवरा खोटं बोलतोय, झाड मी मारलंय. कसं मारलं तेही तिने नीट सांगितलं. साहेबांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि तिच्याकडे दयेने बघत राहिले. नवऱ्याला वाचवायला आलेली दुःखी बाई, एवढंच त्यांना दिसत होतं. मग त्यांनी झाडआत्याला बोलावलं. म्हणाले, घरातलं माणूस तू, झाडाची माहिती तुला, मला खरं काय ते सांग.

बाहेरच्या बोळात दादाने तिला आधीच गाठलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला होता.

"एकदा तरी माझ्या बाजूने लिही," तो म्हणाला होता.

झाडआत्याने साहेबांना सांगितलं की वहिनीची तब्येत बरी नसते. ती कुठेही, काहीही बोलते. दादाने केलं असणार.

वहिनी खुर्चीत बसलेली होती. तिने मान वळवून झाडआत्याकडे पाहिलं. पुढे कित्येक वर्षं झाडआत्याला ती नजर झोपेतून उठवायची. पोरीसाठी आईला जे एक करता आलं होतं, वाईट का असेना, तेही दोघा बहीणभावांनी मिळून तिच्या हातून काढून घेतलं होतं.

शिरीष त्याच आठवड्यात तोडला. दोन्ही बाजूंना दोर बांधून, वरून खाली, एकेक फांदी. शेंगा नुकत्या धरत होत्या, कोवळ्या, चपट्या. बुंधा कापला तेव्हा लाकूड अजून ओलं होतं, करवतीला पाणी सुटत होतं. मग मुळं उकरली. ती राखाडी पडली होती, आंबूस वास मारत होती, कुदळीच्या एका घावात कडकन मोडत होती. मजुरांचा मुकादम झाडआत्याला म्हणाला, बाई, पहिल्याच वादळात गेलं असतं हे. तिने वर पाहिलं. खिडकी उघडी होती, पण वहिनी तिथे नव्हती.

सार्वजनिक जागेतलं झाड जाणूनबुजून मारलं आणि लोकांच्या जिवाला धोका केला, म्हणून दादाला काही महिन्यांची शिक्षा झाली. नोकरी गेली. ज्यांच्या हातात माणसांचा जीव असतो अशा कामावर असल्या माणसाला ठेवत नाहीत. समोरच्या इमारतीतले लोक वर्षभर हळहळत होते, ते आता जिन्यात तोंड फिरवायला लागले. भिंती तापायला लागल्या. कुणीतरी दारावर खडूने काहीबाही लिहून गेलं. म्हातारबुवांनी तेवढं ते पुसलं, पण आत यायचं त्यांना धाडस झालं नाही.

झाडआत्या वहिनीकडे राहायला गेली. वहिनी नको म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. खोली भट्टीसारखी तापायची. दोघी एका खोलीत, एका पंख्याखाली, एकमेकींकडे पाठ करून झोपायच्या. झाडआत्या स्वयंपाक करायची, वहिनी दोन घास खायची. कधी ताट तसंच राहायचं, तेव्हा झाडआत्या समोर बसून राहायची, वहिनी पुन्हा ताटाकडे वळेपर्यंत. कारखान्याने काम देणं बंद केलं होतं. दोघी आठवड्यातून एकदा दादाला भेटायला जायच्या. वहिनी त्याच्यासमोर बसायची आणि जाळीतून त्याच्या हातांकडे बघायची. एकदा ती त्याला म्हणाली, "ते माझं होतं." दादा म्हणाला, "माहीत आहे."

सुटल्यावर त्यांनी घर सोडलं. लांबच्या एका शहरात दादाला गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम मिळालं. सामान टेम्पोत भरताना मुंगीच्या वस्तूंची पेटी वहिनीने स्वतः उचलली. दादाला हात लावू दिला नाही, झाडआत्यालाही नाही.

झाडआत्या कामावर राहिली. पण तिचा हात बदलला होता. बाकांवर, शाळांवर, थांब्यांवर आलेली प्रत्येक फांदी तिला धोक्याची दिसायला लागली. ती छाटा, ती तोडा. साहेब एकदा म्हणाले की तुझं ऐकलं तर शहरात सावली उरणार नाही. तिने सही केली आणि पुढच्या झाडाकडे गेली.

दोन उन्हाळ्यांनंतर ती त्यांच्याकडे गेली. कळवलं होतं, उत्तर आलं नव्हतं, तरी गेली. गोदामाच्या मागच्या रस्त्यावर एका खोलीचं घर होतं. वहिनीने दार उघडलं, पाणी दिलं, जेवायला वाढलं. तिचे केस बरेच पिकले होते. कुठल्याशा शिवणकामाच्या दुकानात कपडे बेतायचं काम करते म्हणाली. जेवताना प्रवास कसा झाला, पाणी किती वाजता येतं, असं बोलणं झालं. मुंगीचा फोटो भिंतीवर होता. त्याच्याकडे तिघांपैकी कुणी बघितलं नाही, आणि सगळ्यांना ते कळत होतं.

दादा तिला थांब्यापर्यंत सोडायला आला. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती. थांब्याला छप्पर नव्हतं. बराच वेळ तो चपलेने खडा इकडून तिकडे करत राहिला.

"तुझी चूक नव्हती," तो शेवटी म्हणाला. "तेव्हाही नव्हती. मला कळतं ते."

ती काही बोलणार तोच त्याने हात वर केला.

"पण तू येणार कळल्यापासून ती चार दिवस जेवली नव्हती. आज जेवली ती तुझ्यासमोर म्हणून. तू गेलीस की ओकून टाकेल. मागच्या वेळी तुझा फोन आला होता, तेव्हाही तसंच झालं." तो थांबला. "आणि खरं सांगू, माझंही तसंच होतं. तू आमचीच आहेस. पण येत जाऊ नकोस."

ती बरं म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं. तिने पिशवी खांद्यावर सारखी केली आणि विचारलं की तुझ्या गुडघ्याचं काय म्हणतायत डॉक्टर. तो म्हणाला, दुखतो, चढ-उतार फार आहे ना कामात. गरम पाण्याने शेकत जा, ती म्हणाली. हो, तो म्हणाला.

बस आली. दादाने पुढे होऊन तिची पिशवी वर दिली, लहानपणी शाळेच्या बसमध्ये द्यायचा तशी, आणि ती जागेवर बसायच्या आत तो घराकडे चालायला लागला होता.